पहिली ओळ, चार नंबर

माणूस सरळसोट वाईट असला की बरं असतं. त्याचा रागराग करून मोकळं होता येतं. अनुसयाताईंनी मला तेवढी सोयसुद्धा ठेवली नाही. इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल सांगायला बसले, तरी तोंडातून 'त्या' आणि 'ताई'च येतं. शिव्या तयार आहेत, भरपूर आहेत, पण मनातल्या मनातच द्याव्या लागतात.

मी मूळची कुहीकडची, धानाच्या मुलखातली. मॅट्रिक झाले आणि टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली ती थेट नागपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नरखेडच्या बाजूला, संत्र्याच्या पट्ट्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं राहतात. नागपूरहून एसटीनं उतरले तेव्हा हातात एक ट्रंक आणि डोळ्यांत पाणी. एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या भिंतीला लागून असलेली एक खोली. दाराबाहेर चपलांचा एक जोड नीट भिंतीला लावून ठेवलेला. आतून आवाज आला, "चपला तिथंच काढ वं. आन रडणं पण तिथंच काढ. इथं कानात पाणी गेलं तर चालत नाही."

ही पहिली भेट. पन्नाशीला टेकलेली, बारीक अंगाची, पाचवारी लुगडं घट्ट नेसलेली बाई. केसांच्या मधोमध, भांगाला आडवी, एक दबलेली रेघ. वर्षानुवर्षं डोक्यावर हेडफोनची पट्टी बसून पडलेली ती रेघ सुट्टीच्या दिवशी तेल लावूनही जात नसे. नवरा लग्नानंतर लवकरच गेलेला, मूलबाळ नाही. माहेरी एक भाऊ होता. त्यानं बहिणीला शिकवलं, परीक्षेला बसवलं, नोकरीला लावलं. त्याची तिथं जवळच संत्र्याची बाग होती. बाकी आगापीछा काही नाही.

बोर्ड म्हणजे भिंतीला टेकवलेलं एक काळं कपाट. गावात ज्याच्याकडे फोन, त्याचं बोर्डावर एक भोक. भोकाला नंबर, नंबरावर इवलीशी पितळी झडप. कोणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप टप्प करून खाली पडायची. आपण दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा, 'नंबर?' म्हणून विचारायचं, आणि जोडीचा प्लग मागितलेल्या भोकात घालून द्यायचा. गावातल्या गावात बोलायचं तर काही अडचण नव्हती. अडचण होती ती नागपूरची. नागपूरकडे जाणाऱ्या लाइनी दोनच, आणि त्यातली एक वारा सुटला तरी मरायची. अख्ख्या गावाला नागपूर पाहिजे आणि दार एकच, असा कारभार. मग कोणाला आधी, कोणाला मागून, हे ऑपरेटरनं ठरवायचं.

ताईंनी ते माझ्यासाठी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. म्हणाल्या, "नाव ऐकलं का हात कापते. कोणी शेठ असते, कोणी साहेब असते, कोणी आपल्याच गल्लीतलं असते. म्हणून नाव ऐकायचंच नाही. नंबर पाहायचा. सगळ्यांत वरची ही पहिली ओळ. एक नंबर ठाणं, दोन नंबर रेल्वे, तीन नंबर आगीचा बंब, चार नंबर सूतिकागृह. ह्या चार झडपा पडल्या का विचारायचं नाही. लाइन खाली नसली तर चालू असलेलं बोलणं तोडायचं आन पहिल्या ओळीले द्यायची. कोण बोलते, काहून बोलते, काही नाही. तेवढ्यात जीव जाते कोणाचा."

दुसरा नियम याहून कडक होता. जोडून दिलं की किल्ली बंद करायची, म्हणजे दोघांचं बोलणं आपल्या कानात येत नाही. "कान आपला नाही, सरकारचा आहे," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. गावातल्या सगळ्या भानगडी त्या दोऱ्यांतून जात होत्या, सोयरिकी जुळत होत्या, मोडत होत्या, आणि ताईंना काही म्हणजे काही माहीत नसायचं. बायका विहिरीवर खोदून खोदून विचारायच्या. ताई म्हणायच्या, "मले विचारू नका बाप्पा, मी बहिरी आहे."

बोर्डाशी बसून त्यांनी कधी संत्रं खाल्लं नाही. भाऊ मोसमात टोपलीभर आणून टाकायचा. सगळी आम्हांला, पोस्टमनला, लाइनमनला वाटायच्या. स्वतः घरी जाऊन हात धुऊन खायच्या. रस लागला की प्लग चिकटतात, म्हणून. जेवणाचा डबा मात्र दोघींचा मधे असायचा. गोळाभात केला की माझ्या वाटणीचे गोळे मोजून जास्त. माझी खोली त्यांनीच बघून दिली, घरमालकिणीला दम त्यांनीच भरला, आणि मला पहिल्या थंडीत ताप आला तेव्हा ड्यूटी संपवून उशाशी येऊन बसल्या त्याही त्याच. आई तिकडे कुहीला. इकडे मला आई होती ती ही.

एकदा गावातला एक पुढारी स्वतः चालत एक्स्चेंजवर आला. निवडणुकीचे दिवस होते. नागपूरची लाइन मागून मागून कंटाळला होता. चपला घालूनच आत आला आणि गरजला, "बाई, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

ताईंनी मान वर केली नाही. "माहीत आहे नं भाऊ. सत्तावीस नंबर."

मी तोंडात पदर कोंबला. ताईंनी एका हातानं दाराकडे बोट केलं. "तुमच्याआधी एकोणीस आहे आन चाळीस आहे. चपला बाहेर काढा आन बसा त्या बाकावर. पाणी पाहिजे तर माठ आहे." आणि तो माणूस बाहेर गेला, चपला काढल्या आणि बसला हो! गावभर गोष्ट झाली. त्या दिवशी मला वाटलं, नोकरी करावी तर अशी करावी, नाहीतर गोवऱ्या थापाव्यात.

आणि गुरुजी. गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर. मुलगा फौजेत, लांब कुठेतरी आसामच्या बाजूला. दर रविवारी तो तिकडून फोन जोडून घ्यायचा प्रयत्न करायचा, आणि गुरुजी सकाळपासून शेजारच्या पोस्टात, पब्लिक फोनच्या खोलीत येऊन बसायचे. कधी लागायचा, कधी नाही. लागला की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. सगळं मोठ्यानं बोलायचे, जणू आसामपर्यंत आवाजच पोचवायचा आहे. एका रविवारी असा फोन लागला, दोन वाक्यं झाली असतील, आणि चार नंबरची झडप पडली. दुसरी लाइन मेलेली. मी लाइनवर जाऊन म्हटलं, "गुरुजी, माफ करा, पहिली ओळ आली."

"हो हो, तोडा, तोडा," गुरुजी घाईनं म्हणाले. "बाळ, ठेवतो रे. इथं कोणाचं तरी येणार आहे."

मी प्लग काढला. असं एकदा नाही झालं. गुरुजींनी कधी कुरकुर केली नाही. गावात कोणीच करत नसे. 'पहिली ओळ आली' म्हटलं की दुकानदार, मास्तर, तहसीलचा बाबू, सगळे गप फोन ठेवायचे. एक म्हातारी तर म्हणाली होती, "दे माय दे, सुटू दे बिचारी." तो त्या गावाचा धर्मच होता म्हणा ना, आणि ताई त्याच्या पुजारीण. चार नंबरची झडप पडली की मी स्वतः जोडून दिल्यावर क्षणभर हात जोडायची. पलीकडून नेहमी एका पुरुषाचाच आवाज, "चार नंबर, नागपूर द्या." मी समजायची, कंपाउंडर असेल.

मोसमात चार नंबर फार पडायचा. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली, स्टेशनवर पेट्यांच्या थप्प्या लागल्या, की चार नंबर सकाळ-दुपार टपटप. मी एकदा ताईंना म्हटलं, "ताई, संत्र्याच्या दिवसांत बायका जास्त बाळंत होतात का हो इकडे?"

ताई हसल्या. अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अवं सुमन," म्हणाल्या, "तू म्हणजे ना! गोड खाऊन होत असतील." मीही हसले. दोघी मिळून हसलो आम्ही. आज ते हसू आठवलं की अंगाची लाही होते.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सूतिकागृहाची इमारत गळत होती, बाजारपेठेत होती, बैलगाड्यांचा गोंगाट. म्हणून नगरपालिकेनं ते उचलून गावाबाहेर, नदीच्या अंगाला नव्या इमारतीत नेलं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे झालं होतं मी येण्याच्याही आधी. पण मी कशाला त्या बाजूला जाते? मी लगेच ताईंना विचारलं. विचारलं होतं, हे नीट लक्षात ठेवा. म्हटलं, "ताई, सूतिकागृह तर हललं ना? मग आपला चार नंबर?"

"चार नंबर चारच," ताई म्हणाल्या. "लाइन नेली नं तिकडे." आणि झडप पडली म्हणून बोर्डाकडे वळल्या.

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा?

मग माझ्या धाकट्या बहिणीला, मंगलाला दिवस राहिले. तिचं सासर कुहीपलीकडे, खेड्यात. पहिलंच बाळंतपण, अंगात रक्त कमी. पावसाळाभर तिकडे चिखल, आणि डॉक्टर नावाला नाही. माहेरी आणावं तर आई थकलेली. मी डबा खाता खाता ताईंना हे सांगत होते, तर ताई म्हणाल्या, "मंग इथं आण तिले. इथं सूतिकागृह आहे, डॉक्टरीणबाई आहे. काही झालंच तर चार नंबर आहे, एका मिनिटात नागपूर. आन मी आहे नं. आणखी काय पाहिजे बाळंतिणीले?"

मी घरी कळवलं, मंगला आली. ताईंना तिचा लळाच लागला. रोज संध्याकाळी येऊन तिचे पाय पाहायच्या, सूज आहे का म्हणून. जुन्या मऊ लुगड्यांचं एक दुपटं शिवायला घेतलं, कडेला बारीक धावदोरा. मंगला म्हणायची, "ताईसारखी सासू भेटली असती तर!" खरंच म्हणायची.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी मंगलाला घेऊन रिक्षानं नदीकडच्या इमारतीत गेले. मी तिथं पहिल्यांदाच. दुपार झाली तरी सुटका नाही. डॉक्टरीणबाई आदल्या दिवशीच कामासाठी नागपूरला गेलेल्या. नर्स चांगली होती, पण तिचा चेहरा उतरायला लागला. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "बाई, मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. नागपूरहून गाडी बोलवा, लवकर." गावातली एकूणएक जीप आणि ट्रक बागांमध्ये लागलेली. मोसमच होता.

मी म्हटलं, "मग फोन करा ना. बघत काय बसलात?"

नर्स माझ्याकडे बघतच राहिली. "फोन कुठला? इथं फोन कधी आलाच नाही. तो तर जुन्या इमारतीतच राहिला. आता तिथं हरिभाऊंचं गोदाम आहे ना, संत्र्याच्या पेट्यांचं."

हरिभाऊ म्हणजे गावातला सगळ्यात मोठा अडत्या. मोसमातली निम्मी संत्री त्याच्या हातून नागपूरला आणि दिल्लीला जायची.

मी तिथं उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. मग धावले. पायात चप्पल होती की नाही तेही आठवत नाही. एकच वाटत होतं, ताईंना माहीत नसेल. ताईंनाही फसवलंय कोणीतरी. लाइनमननं सांगितलं असेल नेली म्हणून, आणि त्यांनी मानलं असेल. रस्ताभर मी त्यांच्या बाजूनं भांडत होते.

एक्स्चेंजमध्ये ताई एकट्याच होत्या. डोक्यावर हेडफोन. नागपूरच्या दोन लाइनींपैकी एक सकाळपासून मेलेली, तिच्यावर लाल चिंधी बांधलेली. दुसरीत प्लग. दोरीचं दुसरं टोक पाहिलं. पहिली ओळ, चार नंबर.

"ताई, मंगला अडली आहे. मले नागपूर पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

ताईंचा हात वर गेला. गेला, हे मी पाहिलं. प्लगपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "पहिली ओळ चालू आहे वं," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं. होतेच आहे त्यांचं."

"कोणाची पहिली ओळ?"

"चार नंबर."

"ताई," मी म्हटलं, "मी चार नंबरहूनच येऊन राहिली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य असतं ना, तर मी आजही त्यांच्या पाया पडले असते. आश्चर्य नव्हतं. किल्लीकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हा. किल्ली उघडी होती. म्हणजे चार नंबरचं सगळं बोलणं ताई ऐकत होत्या. बहिऱ्या ताई! मी त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून कानाला लावला. हरिभाऊचा आवाज. तोच माझा 'कंपाउंडर'. उद्या कोणाची बाग तोडायची, कोणाचा माल आधी चढवायचा, नागपूरच्या माणसाला सांगत होता. त्यात ताईंच्या भावाचं नाव आलं, मी ऐकलं. तेवढ्यासाठी त्या थांबल्या होत्या. भावाच्या बागेचा दिवस पुरता ठरू दे म्हणून.

मी प्लग उपटला. नागपूर मागितलं, दवाखाना मागितला, गाडी मागितली. ताई बाजूला सरकून भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. चार नंबरची झडप पुन्हा पुन्हा पडत होती, टप्प, टप्प. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

गाडी आली तेव्हा दिवस कलला होता. मंगला वाचली. मूल गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ते सकाळीच गेलं असावं, तासभर आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. पुढे हे ताईंच्याही कानावर गेलं. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल. मला नाही वाटलं. फरक पडणार नाही हे त्या दुपारी कोणाला ठाऊक होतं? मलाही नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. आणि तरी हात थांबला.

मंगलाला नागपूरच्या दवाखान्यात, कुहीहून आलेल्या आईजवळ ठेवून मी परत आले ती तशीच एक्स्चेंजवर गेले. चपला मुद्दाम काढल्या नाहीत. विचारलं, "पैसे घेता का त्याचे?"

"गळ्याशपथ नाही!" ताई ओरडल्याच. एवढा मोठा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "एक छदाम नाही घेतला कोणाचा. कोणी दाखवून द्यावं."

"मंग काय घेतलं?"

ताई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "तुले बागेचं नाही कळत वं सुमन. फळ तयार झालं का थांबत नाही. अडत्या ज्याची बाग आधी उचलते त्याचा माल टिकते. मागं ठेवली का झाडावरच गळून माती होते. माह्या भावाची बाग दरसाल मागं राहे. तो लहान माणूस, त्याच्यासाठी कोण बोलते? हरिभाऊनं ते गोदाम घेतलं, फोन तिथंच होता. मले म्हणाला, ताई, हे भोक आहे तिथं राहू द्या, तुमच्या भावाची बाग मी आधी उचलतो." मग म्हणाल्या, "म्या काही केलं नाही. फक्त सांगितलं नाही."

फक्त सांगितलं नाही! मी म्हटलं, "मले सांगितलं ना पण. लाइन नेली म्हणून सांगितलं. मंगलेले इथं आण म्हणून तुम्हीच सांगितलं. चार नंबर आहे म्हणाल्या होत्या."

त्यावर ताई जे बोलल्या ते मला अजून कळलेलं नाही, आणि खोटंही वाटत नाही. म्हणाल्या, "तुमा पोरींले सांगता सांगता मलेच वाटे, का तिथं फोन आहे."

दुपटं शिवून पूर्ण झालं होतं. घडी करून माझ्या स्टुलावर ठेवलं होतं. मी ते उचलून बाकावर ठेवलं आणि कामाला बसले.

पुढे काय झालं म्हणाल, तर काही नाही झालं. मी वर तक्रार केली. साहेब आले, चहा प्याले, चार दिवसांत फोन उचलून नदीकडच्या इमारतीत बसवला. म्हणजे इतकं सोपं होतं ते! ताईंनी एक शब्द उच्चारला असता तर तेव्हाच झालं असतं. चार नंबर आता खरोखरच चार नंबर झाला. हरिभाऊला पन्नासच्या पुढचा कुठला तरी नंबर मिळाला, आणि ताईंच्या भावाची बाग त्या मोसमात शेवटी उचलली गेली. निम्मी गळून गेली असं ऐकलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते मी कोणाला दाखवलं नाही.

गुरुजींना मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं. रविवार होता, फोनच्या खोलीत बसले होते. ऐकून घेतलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. "म्हणजे मी पोराला ठेव म्हणत होतो," ते म्हणाले, "ते संत्र्यांसाठी?" जाताना पोस्टाच्या पायरीवर थांबून म्हणाले, "अनुसयेला मी शिकवलं आहे हो. फार सरळ मुलगी." त्यानंतर मी 'पहिली ओळ आली' म्हटलं की तेही विचारायला लागले, "नक्की ना?" हळूहळू सगळं गाव विचारायला लागलं. आणि लोक विचारत बसले की लाइन सुटायला वेळ लागायचा. खरंच कोणी अडलेली असली तरीही.

बदली होईपर्यंत मी ताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसत होते. कामापुरतं बोलणं. 'सोळा द्या.' 'नागपूर खाली झालं.' डबा त्या मधेच ठेवायच्या, सवयीनं. मी माझा वेगळा खायची. कधी गोळाभाताचा वास यायचा. पण हात पुढे केला नाही. बदली नागपूरला झाली. निघताना ताई दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होते. त्या म्हणाल्या, "जपून जाय." मी मान हलवली.

मग बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या. लोक आपल्या बोटानं नंबर फिरवून थेट कलकत्त्याशी बोलायला लागले. आम्हा ऑपरेटर बायकांना कोणी विचारेना. नागपुरात चौकाचौकांत पिवळ्या पाट्यांची फोनची दुकानं आली. मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर असंच एक होतं. माझी शेजारीण आत भरती होती आणि तिच्या गावी निरोप द्यायचा होता. दुपारची वेळ, रांग बाहेर रस्त्यापर्यंत आलेली. मी रांगेत उभी राहिले, आणि चार-पाच माणसांपुढे मला ती रेघ दिसली. पांढऱ्या केसांत, मधोमध, आडवी. हेडफोन सुटून वर्षं झाली होती तरी तशीच.

मी ओढणीवाल्या एका मुलीच्या मागे सरकले. निघून जावं असं वाटलं, पाय निघेना.

तेवढ्यात एक माणूस धावत आला. धोतर, बंडी, खेड्यातला. घामानं निथळत होता. रांगेत घुसून म्हणाला, "माय, मले आधी जाऊ दे वं. बायको आत आहे. बाळंतपणाची आहे. भावाले निरोप द्या लागते, रक्त मागून राहिले."

ताई त्याच्याकडे वळल्या. वाटलं, आता बाजूला होतील. नाही झाल्या. विचारलं, "कोणत्या वॉर्डात आहे?"

त्यानं सांगितलं.

"नाव काय तिचं?"

त्यानं नाव सांगितलं.

"तिच्यापाशी कोण आहे आत्ता?"

"माही माय आहे." तो रडकुंडीला आला होता.

"फोन कोणाले करतं? भाऊ कुठं राहते?"

तेही सांगितलं त्यानं. मग ताईंनी त्याचा दंड धरला, रांगेतल्या पुढच्या माणसांना हातानं दूर सारलं, "व्हा बाजूले, जाऊ द्या याले," आणि त्याला काचेच्या दाराआत ढकललं. तो जुना आवाज. सगळे गप सरकले.

मी बघत राहिले. विचारायचं नाही, विचारायचं नाही, असं सांगून ज्यांनी मला घडवलं, त्या विचारत होत्या. आणि मला इतका राग आला, सांगते. हे तेव्हा का नाही शिकवलं मला? एकदा जरी मी त्या 'कंपाउंडरला' विचारलं असतं, कोण आहेस बाबा तू?

त्या मागे वळल्या आणि त्यांना मी दिसले. त्या थकल्या होत्या, एका डोळ्यावर पडदा आला होता. तरी ओळखलं. रांग सोडून दोन पावलं माझ्याकडे आल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या. "मंगला कशी आहे वं?"

इतकी वर्षं मी उत्तरं घोकून ठेवली होती. एकाहून एक. "बरी आहे," मी म्हटलं.

"लेकरंबाकरं?"

"आहेत. दोन."

त्यांनी मान हलवली, परत परत हलवली. मग रांगेतल्या आपल्या जागेकडे हात केला. "तू ये नं इथं, माह्या जागी. तुले घाई असन. मले काय, मी थांबतो."

"नाही," मी म्हटलं. "तुमचा नंबर आधी आहे ताई."

तो खेड्यातला माणूस बाहेर आला, रांग पुढे सरकली, आणि पाळी आली तशा त्या आत गेल्या. दाराशी आल्यावर चपला काढल्या, भिंतीला नीट लावून ठेवल्या. दुकानाच्या पोराला हसू आलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, आणि केसांतली ती रेघ.

त्या बाहेर येईपर्यंत मी थांबले नाही. निरोप दुसऱ्या दुकानातून दिला.